पूजेतला पाना

शोरूमचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर ती त्यांची फुकटची जाहिरात होईल, आणि जाहिरातीशिवाय त्या लोकांना दुसरं काही येतही नाही. कशेळीकडून भिवंडीत शिरताना गोदामांच्या रांगेत एक भलामोठा काचेचा डबा लागतो. पुढ्यात चार झेंडे, आणि हवा भरलेला एक प्लॅस्टिकचा माणूस दिवसभर हात हलवत उभा असतो. तेच ते. त्या अख्ख्या इमारतीत मन लावून काम करणारा मला तेवढा एकच दिसला.

मी निवेदिता. निजामपुऱ्यातल्या शाळेत तेहेतीस वर्षं विज्ञान शिकवलं. खिडकीबाहेर लूमचा खडखडाट, आत साठ पोरं. त्यामुळे माझा आवाज मोठा आहे, आणि स्वभाव वाईट आहे असं लोक म्हणतात. लोकांचं बरोबर आहे. सुधीर, म्हणजे माझे मिस्टर, गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं फॉर्म भरताना तीनदा विचारलं, "मॅडम, तुम्हालाच शिकायचंय ना? मुलाला नाही ना?" मी म्हटलं, मुलाला येतं, त्याला शिकायचंय ते वेगळंच काहीतरी आहे.

मग मी एक लहानशी गाडी घेतली, करडी. दर बुधवारी मी आणि आनंदीबाई ती काढून कुठंतरी जातो. आनंदीबाई माझ्याच शाळेत मराठी शिकवायच्या, आता माझ्याच मजल्यावर राहतात. कधी वज्रेश्वरी, कधी तानसा, एकदा तर नुसती भजी खायला माळशेज. यात कुणाचंही भलं होत नाही, समाजसेवा वगैरे काही नाही. आम्हाला मजा येते. जन्मभर शेअर रिक्षात तिघींच्या मांड्यांमध्ये पर्स धरून बसलेल्या बाईला, कुणाच्या बापाला न विचारता घरातून निघता येणं ही काय चीज आहे, ते पुण्यात बसून कळत नाही.

पुण्यात बसतो तो माझा मुलगा मिहिर. त्याला माझी गाडी पहिल्या दिवसापासून खुपते. "आई, तो रस्ता ट्रेलरचा आहे." "आई, तुझं वय बघ." दर रविवारी फोन, आणि दर फोनमध्ये हा पाढा. मी ऐकून घ्यायचे आणि बुधवारी गाडी काढायचे.

सप्टेंबरात गाडीतलं पाणी कमी व्हायला लागलं. रेडिएटर भरावा, दोन दिवसांनी परत खाली. शोरूममध्ये नेली. तिथला वर्कशॉप मॅनेजर अथर्व, वय तिशीच्या आत, गळ्यात टाय आणि कानात कायम काहीतरी खुपसलेलं. त्यानं सांगितलं, हेड गॅस्केट गेलंय. इंजिनाचा वरचा भाग, त्याला हेड म्हणतात, तो आणि खालचा भाग यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो, तो बदलायचा. "दसऱ्याच्या मुहूर्तावर देतो आंटी, नव्यासारखी." मी म्हटलं, आंटी म्हणू नकोस आणि नव्यासारखी नको, बरी करून दे.

दिली बाबा दसऱ्याला. आणि कशी दिली! मला वाटलं होतं, किल्ली घेऊन यायचं. तिथं गेले तर गाडीवर साटिनचं लाल कापड, बॉनेटला झेंडूची माळ, आणि शेजारी नव्या गाड्या घ्यायला आलेली सहा कुटुंबं ओळीत उभी. माझ्या हातात पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली देऊन फोटो काढला. मी म्हटलं, अरे, माझी गाडी पाच वर्षांची आहे, दुरुस्तीला आली होती. अथर्व म्हणाला, "मॅडम, आज अकरा डिलिव्हऱ्या दाखवायच्यात, स्माइल." अकरावी मी होते. तो फोटो त्यांनी त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. 'आमचा परिवार' असं त्या ग्रुपचं नाव, आणि मला न विचारता त्यांनी मला त्या परिवारात घातलं होतं.

पुढच्या बुधवारी मी आणि आनंदीबाई खाडीकाठी जाऊन परत येत होतो. मानकोली नाक्यावर, दोन कंटेनरच्या मधोमध, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी थांबली. एकदम. इंजिन किती तापलंय ते दाखवणारी सुई मी पाहिली होती. मी सवयीनं पाहते, तेहेतीस वर्षं प्रयोगशाळेत काढलीत. सुई निम्म्यावर होती. आनंदीबाईंनीही पाहिली, कारण त्यांना गाडीतलं तेवढंच एक समजतं. मागचा कंटेनरवाला हॉर्न वाजवत राहिला, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या उन्हात दुभाजकावर उभ्या राहिलो. टोचन करून गाडी शोरूमला गेली.

संध्याकाळी मिहिरचा फोन आला. त्याला कुणी कळवलं म्हणून विचारलं, तर शोरूमनंच. खात्याला पहिला नंबर त्याचा दिलेला होता, गाडी घेताना तोच बरोबर आला होता. तो म्हणाला, "बघ, मी सांगत होतो. तू सुई बघितली नसणार." मी म्हटलं, दोष त्यांच्या कामाचा आहे. तो म्हणाला, माझ्या चालवण्याचा. दहा मिनिटं असंच चाललं. शेवटी तो फार शहाण्यासारखं म्हणाला, "आई, भांडायला नको. ते इंजिन उघडून बघतील आणि जॉबकार्डवर कारण लिहितील. त्यांची चूक निघाली तर मी गाडीचा विषय आयुष्यात काढणार नाही. तुझी निघाली तर किल्ली माझ्याकडे द्यायची. मी गाडी विकून टाकतो."

मी हो म्हटलं. का नाही म्हणायचं? खरं मला ठाऊक होतं. इंजिन उघडल्यावर खरं दिसणारच, अशी माझी भाबडी समजूत. "कागदावर येईल ते मला मान्य," असं मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

शनिवारी जॉबकार्ड आलं. 'इंजिन अतितापल्याने हेड वाकले. कारण : चालकाचा निष्काळजीपणा.' खाली शिक्का. मिहिरला तेच आलं होतं, आणि त्याचा मेसेज मी वाचायच्या आधीच हजर : 'आई, ठरलं होतं. पुढच्या रविवारी येतो. गिऱ्हाईक बघितलंय.'

निष्काळजीपणा! ज्या बाईनं उभ्या जन्मात एक परीक्षानळी फोडली नाही तिला! रविवारभर मी घरात फिरत होते आणि आनंदीबाई दारातून डोकावून परत जात होत्या. पैशांचं मला काही नव्हतं. पण तो एक शब्द तसाच राहिला असता तर पुढल्या रविवारी माझी किल्ली जाणार होती, आणि मी पुन्हा शेअर रिक्षात. शब्द दिला म्हणजे दिला, हे मीच पोरांना शिकवलेलं. तेव्हा तो कागद बदलून आणणं एवढंच माझ्या हातात होतं.

सोमवारी दहाला मी शोरूममध्ये. अथर्वनं मला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, कॉफी दिली, आणि तासभर दिसेनासा झाला. ही यांची रीत. कॉफीवर कॉफी पाजायची, म्हणजे माणूस दमून घरी जातो. मी गेले नाही. दोन कप प्यायले आणि त्याच्या केबिनच्या काचेवर टकटक केलं.

"मॅडम, कारण क्लिअर आहे," तो कानातलं न काढताच म्हणाला. "पाणी संपलं, सुई वर गेली, तुमचं लक्ष नव्हतं, गाडी पळवत राहिलात. ह्या वयात होतं असं. माझी मम्मीपण असंच करते."

"तुझ्या मम्मीचं मला सांगू नकोस. सुई निम्म्यावर होती."

"ते तुम्हाला वाटलं असेल."

"बरं. मग पाणी का संपलं? त्यासाठीच तर गाडी तुमच्याकडे आठ दिवस होती."

"काम शंभर टक्के परफेक्ट आहे." त्यानं फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. "आमच्याकडे प्रत्येक स्टेपची नोंद असते. रस्त्यावरचं गॅरेज नाही हे."

नोंद होती खरी. छापील तक्ता, ओळीनं बरोबरच्या खुणा, सगळ्या एकाच पेनानं आणि एकाच झटक्यात केलेल्या. असल्या खुणा मी चांगल्या ओळखते. प्रयोगवहीत आदल्या रात्री बसून वर्षभराची निरीक्षणं लिहिणारी पोरं अशाच करायची. शेवटची ओळ होती : 'हेड बोल्ट, टॉर्क रेंचने अंतिम आवळणी. दसरा, सकाळी ९.४०.' पुढे सही, दीपेश.

"हा टॉर्क रेंच म्हणजे काय?" मी विचारलं.

मला ठाऊक होतं. 'बलाचे आघूर्ण' हा धडा मी तेहेतीस वेळा शिकवलाय. पण समोरच्याला ज्ञान पाजळू द्यावं, तो जास्त बोलतो.

अथर्व खुलला. कानातलंसुद्धा काढलं. हेडचे बोल्ट म्हणे साध्या पान्यानं आवळून भागत नाही. ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या जोरानं आवळावे लागतात, तो जोर मोजणारा हा खास पाना. जोर कमी पडला तर फट राहते, फटीतून पाणी जातं. "हा आमचा प्राइड आहे मॅडम. इंपोर्टेड. अख्ख्या वर्कशॉपमध्ये एकच. याच्याशिवाय आम्ही हेडला हात लावत नाही. चला, दाखवतो." एखाद्यानं घरातली दुभती म्हैस दाखवावी तसा तो मला मागे वर्कशॉपमध्ये घेऊन गेला.

कोपऱ्यात माझी गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती. तिच्यावर वाकलेला एक मेकॅनिक आम्हाला बघून सरळ झाला. छातीवर नाव शिवलेलं, दीपेश. पंचविशीचा, काळासावळा, हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली मान घातली.

पाना काचेच्या कपाटात होता. हातभर लांब, लाल मूठ, आणि मुठीवर वाळलेलं हळदीकुंकू.

"हे काय?"

"शस्त्रपूजा!" अथर्व म्हणाला. "खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं पुजतो. हा मधोमध असतो."

"अरे वा. तुम्ही पाळता हे सगळं?"

"म्हणजे काय मॅडम! काही काही ठिकाणी लोक नुसती फुलं वाहतात आणि लगेच काम चालू. आमच्याकडे तसलं नाही. नवमीला संध्याकाळी पाचला पूजा मांडली, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आरती करूनच हत्यारं उचलायची. मधे कुणी हात लावायचा नाही. मी स्वतः उभा असतो. संस्कार आहेत हो आमच्यावर."

"दसऱ्याला कुणीच काही उचलत नाही?"

"स्क्रू ड्रायव्हरसुद्धा नाही."

"आणि हा पाना? एखाद्या अडीअडचणीला?"

"मॅडम, हा तर पूजेचा मेन आहे. ह्याला हात लावायची कुणाची हिंमत!"

मी पर्समधून मोबाइल काढला, चष्मा लावला आणि त्यांच्या त्या परिवारात शिरले. नवमीला संध्याकाळी पाच वाजून बावीस मिनिटांनी त्यांनीच टाकलेला फोटो : पाटावर हत्यारं, मधोमध लाल मुठीचा पाना, त्यावर नारळ टेकवलेला. दसऱ्याला अकरा वाजता टाकलेला फोटो : पुठ्ठ्याची किल्ली धरून तोंड वाकडं केलेली मी, आणि माझ्या खांद्यामागे तोच पाट, तोच पाना, तोच नारळ. भोवतीची रांगोळी जशीच्या तशी. दोन्ही फोटो मी त्याच्या नाकासमोर धरले.

"मग मला सांग बाळ, नवमीच्या संध्याकाळी देव्हाऱ्यात बसलेला हा पाना दसऱ्याला सकाळी नऊ चाळीसला उठून माझ्या गाडीपर्यंत कसा आला? आणि बोल्ट आवळून, हात धुऊन, रांगोळी न मोडता परत नारळाखाली कसा जाऊन बसला?"

अथर्वनं फोटो बघितले. मग कपाटाकडे बघितलं. मग फोटो मोठा करून बघितला, जणू मोठा केल्यावर पाना निघून जाणार होता. इतका वेळ पाजळलेलं ज्ञान त्याला आता गिळता येईना. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू!

मग त्यानं तेच केलं जे असले लोक नेहमी करतात. गर्रकन वळला आणि दीपेशवर ओरडला, "सही तुझी आहे! काम अर्धवट सोडून सही ठोकलीस? तुला आजच्या आज काढतो!"

दीपेशनं हातातली चिंधी खाली ठेवली. "सायेब, मना काढा. पन मी बोललू व्हतू तुमाना," तो हळू आवाजात म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "बाय, नवमीला पाच वाजता मी बोल्टच बसवत व्हतू. साध्या पान्यानी नुसतं टेकवलं व्हतं. तवाच सायेब आला न माज्या हातातना हा पाना पूजेला नेला. मी बोललू, फायनल करायचा राहिलाय, पूजा उठंल तवा करतू, गारी शुक्रवारी द्या. सायेब बोलला, दसऱ्याला अकरा गाऱ्या दावायच्या हायत, गारी जाईल. दसऱ्याला सकालीच सही घेतली माजी."

"आणि सुई?"

"सुई कशी चढंल? पाणीच न्हाय राहिला. सुईच्या वायरचा टोक पाण्यात असतो, पाणी सगला निंगून गेला तं त्याला काय कलनार? तुमची काय चुकी न्हाय बाय."

तुमची काय चुकी न्हाय. पाच दिवस मला हे वाक्य कुणाच्यातरी तोंडून ऐकायचं होतं. ते तेलकट हातांच्या, नोकरी जायच्या बेतात आलेल्या पोराच्या तोंडून आलं. माझे डोळे भरून आले आणि मला त्याचा रागही आला, कारण त्या टायवाल्यासमोर मला रडायचं नव्हतं.

केबिनमध्ये परत आल्यावर अथर्व एकदम गोड झाला. इंजिन फुकट करून देतो. वर वर्षभराची सर्व्हिस फुकट. वर सीट कव्हर. "सीट कव्हर तुझ्या मम्मीला दे," मी म्हटलं, "मला कागद दे. मी सांगते तसा."

त्यानं लिहायला घेतलं ते 'मेकॅनिकच्या चुकीमुळे' असं. मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. साठ पोरांसमोर कॉपी पकडलेल्या पोराकडून मी जसं लिहून घ्यायचे तसं, एकेक शब्द सांगून, त्याच्याकडून लिहून घेतलं : 'हेडचे बोल्ट पूर्ण आवळलेले नसताना, मेकॅनिकने तसे सांगितलेले असताना, दसऱ्याला गाडी देण्याचा निर्णय वर्कशॉप मॅनेजर म्हणून माझा होता. चालकाचा कोणताही दोष नाही. मेकॅनिकवर कारवाई होणार नाही.'

"मॅडम, हे नाही देता येणार. माझी नोकरी जाईल."

"मग हे दोन फोटो आणि हा तक्ता मी तुमच्या परिवारात टाकते. दोनशे चाळीस माणसं आहेत, मी मोजलीत. कंपनीच्या मोठ्या साहेबांचाही नंबर दिसतोय त्यात. त्यांना वाचू दे, आणि तुझ्या नोकरीचं त्यांनाच ठरवू दे."

सही झाली. शिक्का झाला. जुनं जॉबकार्ड रद्द असं त्यावर आडवं लिहून घेतलं. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तिथूनच फोटो काढून मिहिरला पाठवावा, असं मनात आलं होतं. त्याचं तोंड कसं होईल ते डोळ्यांसमोर आणत होते आणि मनातल्या मनात त्याला चार वाक्यंही ऐकवून झाली होती.

तेव्हा अथर्व बोलला. हरलेल्या माणसाला शेवटी काहीतरी चावायचं असतं.

"मॅडम, एक सांगू? आमचं काम चुकलं, मान्य. पण तो निष्काळजीपणाचा शब्द आमचा नव्हता."

"मग कुणाचा? प्लॅस्टिकच्या माणसाचा?"

त्यानं त्याचा मोबाइल माझ्यापुढे ठेवला. वरती नाव होतं : मिहिर सर. गाडी बंद पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशीचं. आधी अथर्वचा मेसेज : 'सर, गॅस्केट परत लीक झालंय. आमच्याकडून काम थोडं राहिलं असावं. आम्ही आमच्या खर्चानं करून देतो. सॉरी.' त्याखाली माझ्या मुलाचं उत्तर. 'करू नका. जॉबकार्डवर चालकाचा निष्काळजीपणा असं स्पष्ट लिहा. आईचं आणि माझं ठरलंय, कागदावर येईल ते ती मानणार. एकदा शब्द दिला की ती मोडत नाही. खर्चाचं मी बघतो.' आणि पुढे हात जोडल्याचं चित्र.

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'एकदा शब्द दिला की ती मोडत नाही' यापाशी थांबले. कौतुकच केलं होतं त्यानं माझं. आईचा एक गुण त्याला नेमका ठाऊक होता, आणि तो त्यानं नेमका वापरला.

"सर काळजीपोटी बोलले असतील," अथर्व म्हणाला. आता त्यालाच वाईट वाटायला लागलं होतं, म्हणजे माझं तोंड कसं झालं असेल ते बघा.

"तू गप्प बस," मी म्हटलं. पण आवाज चढला नाही.

रिक्षानं घरी आले, शेअर रिक्षानं. मधल्या सीटवर, पर्स मांडीवर धरून. वाटेत मिहिरचा फोन आला, अथर्वनं त्याला कळवलंच असणार. मी उचलला.

"आई, ऐकून घे आधी," तो म्हणाला. "तुला त्या हायवेवर काही झालं असतं तर मी काय केलं असतं? मला रात्ररात्र झोप लागत नाही बुधवारी. सरळ सांगून तू ऐकतेस का?"

"नाही ऐकत."

"मग दुसरं काय करणार होतो मी?"

"हरायचं होतंस," मी म्हटलं. "मी हरले असते तर किल्ली दिली असती तुला. तू पण हरायचं होतंस."

शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली तसा मी फोन ठेवला.

जिन्यातच आनंदीबाई भेटल्या. सकाळपासून वाट बघत होत्या बिचाऱ्या. मी कागद काढून दिला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या, आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

"चालकाचा कोणताही दोष नाही! शिक्क्यासकट! निवेदिता, जिंकलीस की गं. किल्ली राहिली तुझी."

"हो. राहिली."

"मग असं तोंड का? मिहिरला पाठवलास का फोटो?"

"त्याला कशाला," मी कुलूप उघडत म्हटलं. "त्याला आधीपासूनच माहीत होतं."